188 गोळ्यांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका गोळीबद्दल बोलायचं आहे. तिचं नाव बेडाक्विलिन. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर ती देतात. सहा महिन्यांच्या कोर्सला 188 गोळ्या लागतात. ती येण्याआधी अशा रुग्णांना महिनोन्‌महिने कानामायसिनसारखी इंजेक्शनं घ्यावी लागत. त्यात कित्येकांचे कान कायमचे गेले.

डिसेंबर 2012 मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. टीबीवर जवळजवळ 40 वर्षांनी आलेलं हे नव्या प्रकारचं औषध. शोधलं जॉन्सन अँड जॉन्सनच्या शास्त्रज्ञांनी, आणि ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण पुढे रुग्णांवर चाचण्या घेऊन ते सिद्ध करायला पैसा कोणाचा लागला? 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा हिशेब मांडला. चाचण्यांवर कंपनीचा खर्च अंदाजे 9 ते 24 कोटी डॉलर. करसवलती वगैरे धरून सार्वजनिक पैसा 45 ते 75 कोटी डॉलर!

आता किंमत पाहा. सुरुवातीला एका कोर्सला श्रीमंत देशांकडून सुमारे 30,000 डॉलर, मधल्या देशांकडून 3,000 आणि गरीब देशांकडून 900. गोळी तीच. म्हणजे भाव ठरला तो समोरच्याच्या खिशाकडे बघून. हे औषध वर्षाला लाखभर कोर्स इतक्या प्रमाणात बनवलं, तर नफा धरूनही 48 ते 102 डॉलरांत देता येईल, असं संशोधकांनी दाखवून दिलं होतं. तरी 2020 मध्ये सरकारी टीबी कार्यक्रमांसाठीचा भाव 340 डॉलर होता. संशोधनाला पैसा जनतेचा, खरेदीलाही जनतेचा, आणि भाव मात्र कंपनी सांगेल तो. मला हे अन्यायाचं वाटतं. जिथे सार्वजनिक पैसा लागला आहे, तिथे औषधाच्या भावाची अट पैसा देतानाच लिहून घेतली पाहिजे.

मूळ पेटंट जुलै 2023 मध्ये संपणार होतं. कंपनीने त्याच औषधाच्या क्षारावर, म्हणजे सॉल्टवर, आणखी एक पेटंट मागितलं. ते मिळालं असतं तर मक्तेदारी डिसेंबर 2027 पर्यंत लांबली असती. 2019 मध्ये दोन तरुणींनी त्याला हरकत घेतली: मुंबईची नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघींनी टीबीवर मात केली होती, आणि दोघींची श्रवणशक्ती उपचारांतच गेली होती. कायद्याच्या रुक्ष भाषेतली ही लढाई त्यांनी चार वर्षं लढवली. 23 मार्च 2023 रोजी, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, आपल्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

पुढे काय झालं? लुपिनसारख्या आपल्या कंपन्यांना वाट मोकळी झाली. ऑगस्ट 2023 मध्ये जागतिक खरेदीत जॉन्सन अँड जॉन्सननेच कोर्सचा भाव 130 डॉलरवर आणला. संशोधनाचा खर्च निघायला 340 डॉलर हवेतच, हा युक्तिवाद त्यानंतर किती खरा मानायचा?

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने सहा महिन्यांच्या, एकही इंजेक्शन नसलेल्या नव्या उपचाराला मान्यता दिली. त्यातल्या चार औषधांपैकी एक बेडाक्विलिन आहे. ते दुसरं पेटंट मंजूर झालं असतं, तर आपल्या टीबी कार्यक्रमाला ही गोळी आणखी काही वर्षं एकाच कंपनीच्या मर्जीने घ्यावी लागली असती.