चौथ्या डिव्हिजनमधला कीपर

हे व्हेनिसचं पेन्झो स्टेडियम. १९१३ सालचं, सांतेलेना बेटावर. मॅचच्या दिवशी लोक बोटीतून उतरतात आणि चालत गेटपर्यंत येतात. २०१५ मध्ये इथला क्लब, वेनेत्सिया, दिवाळखोरीत गेला आणि थेट सेरी डी मध्ये, म्हणजे चौथ्या डिव्हिजनमध्ये, नव्याने उभा राहिला. त्या टीममध्ये एक १८-१९ वर्षांचा गोलकीपर आला. गुल्येल्मो विकारिओ.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिकडे मिलानकडून दोन्नारुम्मा नावाचा कीपर १६ व्या वर्षी सेरी ए, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये, खेळला, सगळ्या इटलीत त्याचंच नाव होतं. विकारिओ त्याच्यापेक्षा जवळपास अडीच वर्षांनी मोठा.

विकारिओ मूळचा उदिनेचा, जन्म १९९६. इटलीचा महान कीपर दिनो झोफसुद्धा याच फ्रिऊली भागातला, त्यामुळे इथे कीपरची कमी कधीच नव्हती आणि पोराची अडचण नेमकी तीच झाली. उदिनेच्या क्लबच्या, उदिनेझेच्या, अकॅडमीत त्याच्याच वयाचा सिमोने स्कुफेत होता, जो १७ व्या वर्षीच सेरी ए मध्ये उभा राहिला, आणि मागून काही महिन्यांनी लहान आलेक्स मेरेत येत होता. स्ट्रायकर दोन खेळवता येतात हो, विंगरला मागे डिफेन्समध्ये खेळवता येतं, पण गोलमध्ये माणूस एकच.

मग २०१४ मध्ये लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबला उसना, फोन्तानाफ्रेद्दा. पोर्देनोने जवळचं छोटं गाव, सेरी डी. आता सेरी डी चा एक नियम समजून घ्या, टीममध्ये ठरावीक वयाखालची काही पोरं मैदानात ठेवावीच लागतात, आणि बरेच कोच त्यातली एक जागा कीपरला देतात म्हणजे बाकीकडे अनुभवी माणसं खेळवता येतात. त्यामुळे १८ वर्षांच्या पोराला दर रविवारी मोठ्या माणसांसमोर उभं राहायला मिळतं, कॉर्नरला तिशीतला डिफेंडर कोपर मारतो, आणि तरी बॉल धरायचा असतो. पण वय उलटलं की तीच जागा पुढच्या पोराला जाते, कितीतरी कीपर तिथेच संपतात. मला हे फार लागतं, कारण त्यांची चूक काहीच नसते.

विकारिओ टिकला. वेनेत्सिया दोन वर्षांत दोनदा वर चढली, सेरी बी मध्ये, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, आली, पण २०१७-१८ ला युव्हेंटसकडून औदेरो लोनवर आला आणि हा परत बेंचवर. पुढच्या मोसमात नंबर एक झाला, कोच काही महिने चक्क इटलीचा जुना कीपर वॉल्टर झेंगा, आणि शेवटी टीम प्लेआउटमध्ये, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये कोण जाणार ते ठरवणाऱ्या लढतीत, पेनल्टीवर हरली. कालियारी क्लबने त्याला घेतलं आणि लगेच पेरुज्या क्लबला लोनवर पाठवलं. तिथे २०२० मध्ये परत प्लेआउट, परत पेनल्टी, परत हार. लागोपाठ दोन वर्षं!

११ एप्रिल २०२१. मिलानमधलं सान सिरो स्टेडियम, कोरोनामुळे रिकामं. कालियारीचा पहिला कीपर क्राग्नो कोविडने बाहेर, म्हणून २४ व्या वर्षी विकारिओची सेरी ए मधली पहिली मॅच, तीही त्या वर्षीच्या चॅम्पियन इंटरसमोर. तो एकामागून एक बॉल अडवत राहिला, ७७ व्या मिनिटाला हकीमीच्या पासवर दार्मियानने गोल केला तेव्हा कुठे इंटर पुढे गेली. १-०.

सहा दिवसांनी पार्मासमोर तीन गोल खाल्ले, कालियारी इंज्युरी टाइममध्ये दोन मारून ४-३ जिंकली. मग क्राग्नो परत आला. उन्हाळ्यात एम्पोली क्लबने विकारिओला लोनवर नेलं आणि पुढच्या मोसमात तो सगळ्याच्या सगळ्या ३८ मॅच खेळला.