ऑर्गन, किक आणि रॉबिन एस.

नमस्कार, श्रोतेहो. आज हाऊस, म्हणजे नाचघरातल्या एकसारख्या ठेक्याचं संगीत, गाणाऱ्या एका गायिकेच्या पहिल्या अल्बमबद्दल बोलू. गायिका रॉबिन एस., न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या. अल्बम ‘शो मी लव्ह’, साल १९९३. नाव आठवत नसेल, पण शीर्षकगीताच्या सुरुवातीचे ते तुटक, टणक ऑर्गनचे ठोके कानांवरून नक्की गेले असतील.

हा अल्बम नीट ऐकायचा तर आधी एक उलटी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. साधारणपणे चाल होते, वाद्यमेळ बसतो आणि मग गायक गातो. इथे आवाज आधीचा आहे आणि ज्या संगीतामुळे गाणं गाजलं, ते त्याच्याभोवती नंतर उभं राहिलं. अ‍ॅलन जॉर्ज आणि फ्रेड मॅकफार्लेन यांनी लिहिलेलं हे गाणं ब्रिटनमध्ये चॅम्पियन रेकॉर्ड्सने १९९० मध्येच काढलं होतं. फारसं कुणी ऐकलं नाही. मग ते स्वीडनच्या स्टोनब्रिज या निर्मात्याकडे रीमिक्ससाठी गेलं. त्यांचा पहिला प्रयत्न कंपनीने नाकारला. तेव्हा त्यांनी किक, म्हणजे मोठ्या ढोलाचा ठोका, आणि गायिकेचा आवाज एवढंच ठेवलं, बाकी सगळं काढून टाकलं आणि कॉर्ग एम-वन या कीबोर्डवरचा ‘ऑर्गन टू’ हा तयार आवाज बास म्हणून, म्हणजे खालच्या स्वरांच्या चालीसाठी, वाजवला. १९९३ मध्ये ते गाणं ब्रिटनच्या यादीत सहाव्या आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० मध्ये पाचव्या क्रमांकावर पोचलं. अल्बम आला तो त्यानंतर.

ऑर्गनचा बास चालला कसा, हे समजण्यासारखं आहे. नुसता खोल बास नाचघराच्या मोठ्या स्पीकरवर छातीत घुमतो, पण लहान रेडिओवर गायब होतो, कारण त्या स्पीकरला तेवढा खालचा आवाज काढताच येत नाही. ‘ऑर्गन टू’मध्ये खालचा सूर आहेच, शिवाय सुरुवातीला एक टकटकीत आघात आहे आणि वरच्या पट्टीतली धारही आहे. त्यामुळे तुम्ही आत्ता ज्या लहानशा स्पीकरवर मला ऐकताय, त्यावरसुद्धा त्या बासची चाल गुणगुणता येईल.

घरी करून पाहायचं असेल तर लय मिनिटाला १२० ठोके ठेवा. हिशोब सोपा होतो: एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, चार ठोक्यांचं आवर्तन दोन सेकंदांचं. किक चारही ठोक्यांवर, टाळी दुसऱ्या आणि चौथ्यावर, उघडी हाय-हॅट, म्हणजे ड्रमची झांज, दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये. केरव्यात निदान खाली असते. इथे चारही मात्रा भरीच. म्हणूनच सगळी गंमत ठोक्यांच्या मधल्या जागेत होते आणि ऑर्गनचे बरेचसे स्वर तिथेच पडतात. प्रत्येक स्वर ठोक्याच्या पाव भागाएवढा, म्हणजे १२५ मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा. नवशिके इथेच चुकतात. बोट पट्टीवर रेंगाळतं, स्वर पुढच्या किकवर चढतो, दोघांचा खालचा भाग एकमेकांत मिसळतो आणि ठेका चिखलात चालल्यासारखा वाटतो. मग लोक किकचा आवाज वाढवत बसतात. तो वाढवू नका, स्वर छोटा करा. दुसरी चूक म्हणजे बासला घुमारा देणं. तो कोरडाच हवा.

मूळ कीबोर्डच कुणाकडे असेल तर एक अडचण येईल. १९८८ च्या या यंत्रात एका वेळी १६ आवाज वाजतात, आणि जो प्रोग्राम दोन थर वापरतो त्याचे आठच. ढोल, बास, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) सगळं त्यावरच वाजवलं आणि कॉर्ड लांब धरले, की यंत्र गुपचूप जुने स्वर तोडतं. मध्येच टाळी गळाली किंवा कॉर्डचा एक स्वर हरवला तर दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी हे तपासा.

आता आवाज. रॉबिन एस. यांचा गळा चर्चमधल्या गॉस्पेल वळणाचा आहे: छातीतून येणारा, ओळीच्या शेवटी फुटेल की काय असं वाटायला लावणारा. असा आवाज ध्वनिमुद्रित करताना मायक्रोफोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित तिरका ठेवतात. कंप्रेसर, म्हणजे आवाजातले जोरदार चढ दाबणारं यंत्र, चारास एक या प्रमाणात, पण सर्वांत जोरदार जागी पाच-सहा डेसिबलपेक्षा जास्त दाबायचा नाही. त्याहून जास्त दाबलं तर किंकाळी आणि कुजबुज एकाच उंचीची होते आणि गाण्यातला ताण मरतो. इको लयीशी बांधायचा: १२० च्या लयीला २५०, ३७५ किंवा ५०० मिलिसेकंद.

रीमिक्समध्ये खरी कसरत लयीची. समजा आवाज ११२ च्या लयीत गायलेला आहे आणि तुम्हाला १२० हवेत. टेप सरळ वेगाने फिरवली तर वेग सात टक्के वाढतो आणि सूरही अर्ध्या स्वराहून जरा जास्त चढतो. काळी एकमधला आवाज पांढरी दोनच्याही थोडा पुढे जातो. सूर तोच ठेवून सॅम्पलरमध्ये, म्हणजे ध्वनी साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, लांबी बदलावी, तर त्या काळी लांब धरलेल्या स्वरांना खरखरीत, थरथरती किनार यायची. उपाय कष्टाचा: ओळ न ओळ वेगळी कापायची आणि प्रत्येकीची सुरुवात हाताने ठोक्यावर बसवायची. त्यात श्वास कापले जाऊ नयेत. श्वास गेला की गायिका माणूस वाटत नाही.

अल्बमकडे येऊ. क्लबच्या बारा इंची तबकडीवर बऱ्याचदा एका बाजूला एकच सात-आठ मिनिटांची आवृत्ती असते. डीजेला सुरुवातीला नुसता ठेका लागतो; ३२ आवर्तनं म्हणजे आपल्या हिशोबाने ६४ सेकंद. घरी ऐकणारा इतका वेळ थांबत नाही, म्हणून अल्बमसाठी गाणं चार मिनिटांवर येतं आणि आवाज लवकर सुरू होतो. त्यात सगळी गाणी एका लांबीची आणि एका लयीची असली तर पाचव्यापर्यंत कान थकतो. त्यामुळे कंपन्या मध्ये संथ गाणी घालायच्या. या अल्बममध्येही आर अँड बी वळणाची अशी गाणी आहेत. ती रॉबिन एस. मन लावून गातात, पण अल्बम तोललेला आहे तो शीर्षकगीतावर आणि ‘लव्ह फॉर लव्ह’वर. बाकीचं पुन्हा पुन्हा लावावं असं मला वाटत नाही.

तरी एक गोष्ट या अल्बमच्या बाजूने सांगायला हवी. आवरणावर नाव आणि चेहरा गाणाऱ्या बाईचाच आहे. हे त्या काळी गृहीत धरता येत नव्हतं. गायिका मार्था वॉश यांनी ब्लॅक बॉक्स आणि सी अँड सी म्युझिक फॅक्टरी या नाचगाण्यांच्या गटांच्या गाजलेल्या गाण्यांत आवाज दिला, पण व्हिडिओत ओठ दुसऱ्याच बायकांनी हलवले. वॉश कोर्टात गेल्या, तडजोड झाली, आणि त्यांच्या स्वतःच्या नावाचा पहिला एकल अल्बम आला तोही १९९३ मध्येच. आपल्याकडे पडद्यावर दुसऱ्याने ओठ हलवण्यात कुणाला गैर वाटत नाही, पण १९४९ मध्ये ‘महल’च्या ‘आएगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं होतं. लता मंगेशकरांचं नाव लोकांना कळलं ते श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केल्यावर.

नाव छापलं म्हणजे सगळे पैसे मिळतात, असं मात्र नाही. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर मानधन गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला जातं, गायकाला नाही. २०२२ मध्ये अमेरिकन गायिका बियॉन्सेच्या ‘ब्रेक माय सोल’मध्ये तसाच ऑर्गन ऐकू आला. त्याच्या लेखकांच्या यादीत अ‍ॅलन जॉर्ज आणि फ्रेड मॅकफार्लेन आहेत. रॉबिन एस. त्या यादीत नाहीत, कारण मूळ गाणं त्यांनी गायलं होतं, लिहिलं नव्हतं.