बालरॉग नेमके किती? शेकडो की फक्त सात?

मोरियाच्या भुयारातल्या पुलावर जादूगार गँडाल्फ वाट अडवून उभा आहे आणि समोर धगधगता बालरॉग, आगीचा राक्षस! ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचलेल्याला झोपेतून उठवून विचारा, हा प्रसंग घडाघडा सांगेल. पण असे बालरॉग एकूण होते किती, असं विचारलं की मंडळी हमरीतुमरीवर येतात. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंच्या हातात लेखक टॉल्किनच्याच लेखणीतले कागद असतात.

जुना कागद १९१६-१७चा. पहिल्या महायुद्धातून आजारी होऊन परतलेला टॉल्किन गोंडोलिन शहराच्या पाडावाची गोष्ट लिहितो. तिच्यात बालरॉग शेकड्यांनी आहेत आणि मरतातही पटापट. ट्युओर हा तर साधा माणूस, पण त्याच्या एकट्याच्या कुऱ्हाडीखाली पाच पडतात. राजाचे योद्धे चाळीस मारतात. म्हणजे बालरॉग म्हणजे जरा तगडे शिपाई, एवढंच.

पुढे मोरियाचा प्रसंग आला. त्याच्या एका कच्च्या खर्ड्यात बालरॉगची उंची जेमतेम माणसाएवढी आहे, दहशत मात्र त्याच्या पुढे चालते. छापील पुस्तकात (१९५४) त्या एकाला संपवताना गँडाल्फचाच जीव जातो. आता असा राक्षस घाऊक भावात कसा ठेवणार? शिवाय तोवर बालरॉग गँडाल्फच्याच जातकुळीतले, माइआर (म्हणजे देवांच्या खालोखालचे आत्मे) ठरले होते. मग पन्नाशीच्या दशकातल्या एका हस्तलिखिताच्या समासात टॉल्किन नोंद करतो : तीन, फार तर सात. माझं मत विचाराल तर राक्षस खरा मोठा झाला तो इथे, आकडा घसरला तेव्हा.

खरी पंचाईत पुढेच आहे. १९५१च्या सुमारास त्याने गोंडोलिनची गोष्ट नव्याने लिहायला घेतली, पण ट्युओर शहराच्या दारापर्यंत पोचतो आणि लिखाण थांबतं. लढाई राहिलीच! त्यामुळे तपशीलवार लढाई हवी, तर आपल्याला तो जुना, शेकडो बालरॉगवालाच मजकूर उघडावा लागतो. टॉल्किन गेल्यावर १९७७मध्ये मुलगा ख्रिस्तोफरने या जगाच्या पुराणकथांचं ‘सिल्मरिलियन’ काढलं, त्यात या लढाईला जेमतेम जागा मिळाली.

ऑर्क, म्हणजे शत्रूच्या फौजेतले कुरूप शिपाई, ते आले कुठून याचं तर याहून त्रांगडं. आधी ते मातीच्या उष्णतेतून आणि चिखलातून घडवलेले, मग छळून बिघडवलेले एल्फ, म्हणजे टॉल्किनच्या जगातली अमर जमात. शेवटच्या टिपणांत तर टॉल्किन त्यांचं मूळ माणसांत शोधतो, पण माणसं जगात अवतरायच्या आधीच ऑर्क हिंडताहेत, त्याचं काय? मग सगळी कालगणनाच हलवायची.

आणि हो, बालरॉगला पंख होते का? ते भांडण एकाच छापील प्रकरणातल्या दोन वाक्यांवरून आहे, खर्ड्यांना त्यात दोष नाही. ते पुढच्या भागात.