विक्रांत केवढी करायची?

(दृश्य: टेबलावर जहाजाच्या जुन्या ड्रॉइंगची गुंडाळी उलगडते.)

आयएनएस विक्रांत, भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका. लांबी 700 फूट, म्हणजे 213 मीटर. 1997 साली नौदलातून निवृत्त झाली, पुढे 2012 पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांनी तिला पाहिलं, आणि 2014 मध्ये मुंबईतल्याच दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तिच्यावर गॅस कटर चालले. आज तिची रचना कुणाला समजून घ्यायची असेल, तर फोटो, ड्रॉइंग आणि मॉडेल एवढंच हाताशी आहे. त्यामुळे संग्रहालयात ठेवण्याजोगं मॉडेल करणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. तिची सुरुवात प्रमाण ठरवण्यापासून होते.

बहुतेक जण आधी शोकेस मोजतात. 1:700 ला, म्हणजे मूळच्या सातशेव्या हिश्शाला, विक्रांत 30 सेंटिमीटरची होते, 1:350 ला 61. टेबलावर सहज मावते. माझ्या मते आधी मोजायला हवी ती जहाजावरची सगळ्यात बारीक वस्तू.

(दृश्य: बोटांच्या चिमटीत तांब्याची बारीक तार.)

कठड्याची तार घ्या. ती 12 मिलिमीटर जाड आहे असं धरू. 1:350 ला तिची जाडी भरते 0.034 मिलिमीटर, माणसाच्या केसाहूनही बारीक. इतकी बारीक तार ओढून बसवली, तरी रंगाचा एक हात दिला की तिची जाडी दुप्पट होते. मग कारागीर जाड तार लावतो, आणि सगळं जहाज कुंपण घातल्यासारखं दिसू लागतं. 1:200 ला हीच तार 0.06 मिलिमीटर. अजूनही तडजोडच. 1:96 ला मात्र ती होते 0.125 मिलिमीटर. अशी तार हातात धरता येते, ताणता येते, डाग देऊन जोडता येते. आणि काचेपासून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला ती जेमतेम दिसते. प्रत्यक्षातही लांबून कठडा असाच दिसतो.

हा 96 चा आकडा आला कुठून? एक फुटाला एक अष्टमांश इंच, एवढा साधा हिशेब. विक्रांतचा सांगाडा ब्रिटनमध्ये उभा राहिला. 1945 साली ‘हर्क्युलिस’ या नावानं तो पाण्यात उतरला. तिथली मापं फूट-इंचात. ड्रॉइंगवरचं माप थेट पट्टीवर घेता आलं, की दशांशाच्या गुणाकारात होणाऱ्या चुकाही टळतात.

1:96 ला मॉडेल होतं 2 मीटर 22 सेंटिमीटर लांब. दारातून जातं, दोघांना उचलता येतं. 1:48 घेतलं तर साडेचार मीटर. लांबी दुप्पट, रंगवायचा पृष्ठभाग चौपट, आकारमान आठपट. शिवाय त्या प्रमाणात दाराची कडी, बिजागरी, दिव्याची जाळी, सगळं दिसायलाच हवं. नसलं की डोळ्याला खटकतं. जपानमध्ये कुरे इथं ‘यामातो’ या दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धनौकेचं 1:10 मॉडेल आहे, 26.3 मीटर लांब. त्याच्यासाठी मोठं दालनच लागतं.

प्रमाणाबरोबर सालही ठरवावं लागतं. 1971 ची विक्रांत म्हणजे विमानं झटक्यानं पुढे फेकणारं कॅटापल्ट, आणि सी हॉक व अलिझे ही विमानं. नंतरची विक्रांत म्हणजे पुढच्या टोकाला वर उचललेला स्की-जंप आणि सी हॅरियर विमानं. मला 1971 ची करावीशी वाटते, कारण त्या वर्षीच्या युद्धात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझार आणि चितगावकडे विमानं झेपावली ती याच डेकवरून.

(दृश्य: पंख मिटलेलं सी हॉक, कोऱ्या लाकडात.)

इथे एक मोह आवरावा लागतो. बाजारात 1:72 ची सी हॉक मिळतात. ती डेकवर ठेवली तर प्रत्येक विमान तिसऱ्या हिश्शानं मोठं होतं आणि जहाज आपोआप लहान वाटू लागतं. 1:96 ला सी हॉकचे उघडे पंख बरोबर 12.4 सेंटिमीटर भरले पाहिजेत. म्हणून एक विमान हातानं कोरायचं, मापं पुन्हा तपासायची, साचा काढायचा आणि बाकीची त्यातून रेझिनमध्ये ओतायची.