विवरणपत्र पाठवण्याआधी स्वतः वाचा

श्रोतेहो, नमस्कार.

जून महिना उजाडला की ठाण्याला नौपाड्यातल्या माझ्या लहानशा कार्यालयात कापडी पिशव्या येऊ लागतात. कोणाच्या पिशवीत पासबुके असतात, कोणाच्या मुदत ठेवींच्या पावत्या, तर कोणाकडे कंपनीने दिलेला फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, चार घड्या घालून ठेवलेला असतो. करसल्लागार म्हणून इतकी वर्षे हे काम करताना बेरीज-वजाबाकीत चुकलेली माणसे मला फार थोडी भेटली, कारण बेरीज आता आयकर विभागाचे संकेतस्थळच करते. चूक होते ती निराळीच. विभागाला आधीच ठाऊक असलेले एखादे उत्पन्न लिहायचे राहून जाते, किंवा दुसऱ्याने भरलेले विवरणपत्र न वाचताच फोनवर आलेला ओटीपी त्याला सांगितला जातो. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र नोकरदारांनी आणि निवृत्तिवेतनधारकांनी ३१ जुलैपर्यंत भरायचे आहे, म्हणून आज या चुकांविषयी बोलणार आहे.

कोपरीला राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका एकदा रबराने बांधलेली पाच पासबुके घेऊन आल्या होत्या. प्रत्येक पासबुकाच्या पहिल्या पानावर त्यांनी पेन्सिलीने तारीख लिहिली होती. त्या दिवशी त्यांनी त्या बँकेत १५एच अर्ज दिला होता. अर्ज दिला म्हणजे व्याज करमुक्त झाले, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती आणि म्हणून विवरणपत्रात त्यांनी फक्त निवृत्तिवेतन दाखवले होते. वस्तुतः १५एच हे आपले निवेदन असते की, माझ्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नावर काहीही कर लागणार नाही, म्हणून तुम्ही व्याजातून कर कापू नका. बँकेला फक्त आपल्याकडच्या ठेवी दिसतात. पाचही बँकांचे व्याज आणि निवृत्तिवेतन यांची बेरीज करण्याची जबाबदारी आपली असते. शिक्षिकाबाईंची ती बेरीज करपात्र मर्यादेच्या बरीच पुढे गेली होती. त्यांना कर भरावा लागला, त्यावर व्याजही भरावे लागले, आणि विभागाची सूचना आल्यापासून त्यांची झोप उडाली होती ती वेगळीच.

याच संदर्भात ज्येष्ठ श्रोत्यांना आणखी दोन गोष्टी सांगतो. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या व्याजावर बँक ज्येष्ठ नागरिकांचा कर कापत नाही, याचा अर्थ तेवढे व्याज करमुक्त आहे असा होत नाही. कलम ८०टीटीबीखाली व्याजावर मिळणारी ५०,००० रुपयांची वजावट फक्त जुन्या, म्हणजे बहुतेक वजावटी देणाऱ्या करप्रणालीत आहे; कमी दरांच्या पण थोड्याच वजावटींच्या नव्या करप्रणालीत ती नाही. शिवाय जी ठेव मुदत संपल्यावर व्याजासकट हातात येते, तिचे व्याज बँक दरवर्षी जमा धरते आणि तशी माहिती दरवर्षी विभागाला कळवते; ते सगळे शेवटच्या वर्षी एकदम दाखवले की आधीच्या वर्षांचे आकडे जुळत नाहीत.

यावर उपाय अगदी साधा आहे. विवरणपत्राला हात घालण्यापूर्वी संकेतस्थळावरून आपले वार्षिक माहितीपत्रक, म्हणजेच एआयएस, आणि आपल्या नावे कापलेल्या कराची नोंद असलेला फॉर्म २६एएस उतरवून घ्यावेत आणि पासबुके समोर ठेवून ते ओळीओळीने वाचावेत. बँका, म्युच्युअल फंड, शेअर दलाल, निबंधक कार्यालये यांनी आपल्याविषयी काय कळवले आहे ते त्यात दिसते. एखादी नोंद चुकीची असेल, तर तिथेच तसा प्रतिसाद नोंदवता येतो. पतिपत्नींच्या संयुक्त ठेवीचे सगळे व्याज बहुधा पहिल्या नावाच्या पॅनवर चढलेले असते, तेही तिथेच ध्यानात येते.

आता नोकरदार मंडळींकडे वळतो. ऐरोली, महापे, घणसोली या भागांत दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणारे तरुण पुष्कळ आहेत. समजा, एकाला सप्टेंबरपर्यंत दरमहा एक लाख रुपये पगार होता आणि ऑक्टोबरपासून नव्या कंपनीत दीड लाख झाला. पहिल्या कंपनीच्या हिशेबाने त्याचे वर्षाचे उत्पन्न बारा लाख, म्हणजे नव्या प्रणालीत कर शून्य. दुसऱ्या कंपनीला त्याने आधीचा पगार कळवलाच नाही, त्यामुळे तिच्या लेखी त्याला सहा महिन्यांचे नऊ लाख मिळाले. तिनेही कर कापला नाही. प्रत्यक्षात त्याचा पगार पंधरा लाख झाला. त्यातून नोकरदारांना सरसकट मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट एकदाच मिळते, दोन कंपन्या म्हणून दोनदा मिळत नाही. उरलेल्या १४,२५,००० रुपयांवर उपकरासह ९७,५०० रुपये कर होतो आणि आगाऊ कर न भरल्याबद्दलचे व्याज त्यावर चढते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ही रक्कम ऐकून समोरच्या मुलाचा चेहरा उतरतो, तेव्हा मलाही वाईट वाटते. नव्या कंपनीत रुजू होतानाच जुन्या पगाराचा तपशील दिला असता, तर हाच कर महिन्यामहिन्याने कापला गेला असता.

जुन्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेणाऱ्यांची एक चूक खास आपल्या भागातली आहे. मूळ पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा मुंबईतल्या घराला लागू होते. ठाणे आणि नवी मुंबई यांना ४० टक्केच लागू होते, आणि कार्यालय कुठे आहे ते न पाहता राहते घर कुठे आहे ते पाहिले जाते. घोडबंदर रस्त्यावर राहून अंधेरीला कामाला जाणाऱ्याचा वार्षिक मूळ पगार ७,२०,००० रुपये असेल, तर त्याची मर्यादा २,८८,००० रुपये होते, ३,६०,००० नव्हे. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅनही द्यावा लागतो. आणि जुनी प्रणाली हवी असलेल्या नोकरदाराने विवरणपत्र मुदतीतच भरले पाहिजे. उशीर झाला की ५,००० रुपयांपर्यंतचे विलंब शुल्क तर लागतेच, पण जुनी प्रणाली निवडण्याची संधीही जाते.

एका गोष्टीबद्दल मला मनापासून काळजी वाटते. ‘तुमचा कापलेला सगळा कर परत मिळवून देतो’ असे सांगणारे लोक कार्यालयांच्या बाहेर आणि मोबाइलवर भेटतात. राजकीय पक्षाला न दिलेली देणगी, न घेतलेला विमा, न झालेले आजारपण लिहून ते परतावा काढतात आणि त्यातला वाटा घेऊन निघून जातात. मात्र विवरणपत्राखालचे सत्यापन करदात्याच्या नावाचे असते. चुकीची माहिती देऊन उत्पन्न लपवल्यास बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि तो करदात्यालाच भरावा लागतो. काम जरूर दुसऱ्याला द्यावे, परंतु ओटीपी सांगण्यापूर्वी वजावटींचे पान समोर मागून घ्यावे आणि प्रत्येक आकड्याची पावती आपल्या घरात आहे ना, ते पाहावे.

काही गोष्टी थोडक्यात सांगतो. शेअर बाजारात फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार केले असतील तर विवरणपत्राचा ‘सहज’ हा सोपा फॉर्म चालत नाही. बारा लाखांपर्यंत कर नाही ही सवलत शेअर विक्रीच्या विशेष दराच्या नफ्याला लागू नाही. आणि यंदा कर जमा करण्याचे चलन भरताना जास्त दक्षता हवी: १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असून त्यात ‘करवर्ष’ हा शब्द आला आहे. मागील आर्थिक वर्षाचा कर ‘आकारणी वर्ष २०२६-२७’ खाली भरायचा आहे; ‘करवर्ष २०२६-२७’ म्हणजे आत्ता चालू असलेले वर्ष. आकडे तेच असल्यामुळे गफलत सहज होईल.

विवरणपत्र पाठवल्यावर तीस दिवसांच्या आत त्याची ई-पडताळणी करावी लागते, नाहीतर ते भरलेच नाही असे धरले जाते. तिचा ओटीपी बहुधा आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, म्हणून तो क्रमांक जुना असेल तर जूनमध्येच बदलून घ्यावा. परतावा येणार असेल, तर बँक खाते संकेतस्थळावर प्रमाणित केलेले असावे आणि विलीनीकरणात बदललेला आयएफएस कोड नवाच लिहिलेला असावा.

त्यानंतर काही दिवसांनी किंवा महिन्यांनी बेंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राकडून कलम १४३(१)ची सूचना ईमेलवर येते. ती पुष्कळजण उघडतही नाहीत. लहान लिपीतला आपला पॅन आणि त्यापुढे जन्मतारीख लिहिली की ती उघडते. त्यात दोन रकाने असतात, एकात आपण दिलेले आकडे आणि दुसऱ्यात विभागाने धरलेले. पट्टी ठेवून दोन्ही रकाने शेवटपर्यंत वाचावेत, आणि जिथे आकडा वेगळा दिसेल तिथे खूण करून त्याच आठवड्यात आपल्या सल्लागाराला दाखवावा. नमस्कार.