हॉर्नेटला शर्यतीला नेताना

(दृश्य: टेबलावर बॉडी काढलेली बग्गी. शेजारी स्क्रूड्रायव्हर, तेलाच्या छोट्या बाटल्या, टायर.)

ही टामियाची हॉर्नेट, रेडिओ कंट्रोलवर (आरसी) चालणारी बग्गी, म्हणजे मातीत पळवायची छोटी गाडी. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या या कंपनीनं ती १९८४ साली बाजारात आणली आणि २००४ मध्ये पुन्हा काढली. आकार खऱ्या बग्गीच्या एक दशांश. खोक्यात तयार गाडी मिळत नाही, सुटे भाग मिळतात, जोडायचे आपण. खालची चॅसी एबीएस प्लास्टिकची, टबासारखी खोल. वरची बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. तिला रंग आतून द्यायचा, म्हणजे गाडी कितीही लोळली तरी रंग खरवडला जात नाही.

अशी गाडी हातात आली की नवा माणूस आधी मोटर बदलायला बघतो. ते साहजिकच आहे, वेग डोळ्यांना दिसतो आणि कानांना ऐकू येतो. पण शर्यतीतला वेळ सरळ पट्ट्यावर फारसा वाया जात नाही. तो जातो वळणावर, खड्ड्यात आणि उडीनंतर जमिनीवर टेकताना. म्हणून आपण उलट्या बाजूनं सुरुवात करतोय. आधी चाकं मोकळी फिरली पाहिजेत, मग ती जमीन धरून राहिली पाहिजेत. मोटरची पाळी त्यानंतर.

(दृश्य: जवळून. जुनं बुश काढून त्या जागी बेअरिंग बसवणारी बोटं.)

सगळ्यात कमी दिसणारा बदल आधी. किटमध्ये चाकं आणि गिअर ज्यांच्यात फिरतात ती साधी बुशं असतात. धूळ शिरली की ती झिजतात, भोक मोठं होतं, चाक डुगडुगतं. गिअर एकमेकांपासून जरासे सरकतात आणि दाते खाल्ले जातात. त्या जागी सीलबंद बॉलबेअरिंग घालायची. टामियाच्या गाड्यांत बहुतेक वेळा लागणारं माप ११ बाय ५ मिलिमीटर. बसवून झाल्यावर चाक बोटानं फिरवून बघा. मोटर कमी तापते आणि तेवढ्याच बॅटरीवर गाडी जास्त वेळ पळते.

(दृश्य: मुरुमाचं मैदान. स्लो मोशन. खड्ड्यावरून जाताना हॉर्नेटची मागची बाजू उडते.)

आता या गाडीचं खरं दुखणं. मागची चाकं बघा.

हॉर्नेटच्या मागे अख्खा एक्सल आहे. मोटर, गिअरबॉक्स आणि दोन्ही चाकं मिळून एकच जड तुकडा, आणि तो सगळा एकदम वरखाली होतो. उजवं चाक दगडावर चढलं की डावंही तिरपं होतं. एवढं वजन एकदा वर उसळलं की त्याला पुन्हा जमिनीवर आणायला स्प्रिंगला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ चाकं हवेत. हवेत असलेलं चाक गाडीला ढकलू शकत नाही.

धक्का स्प्रिंग झेलते, पण जिरवायचं काम डॅम्परमधल्या तेलाचं. मूळ हॉर्नेटला मागे तेलाचे डॅम्पर आहेत, पुढे मात्र नुसत्या स्प्रिंगा. त्यामुळे नाक वेगळ्या तालात उड्या मारतं आणि शेपूट वेगळ्या. पुढेही तेलाचे डॅम्पर बसवले की दोन्ही टोकांचं जमायला लागतं.

(दृश्य: डॅम्परच्या नळीत सिलिकॉन तेल ओतलं जातंय. वर येणारे बुडबुडे.)

हे काम घाईचं नाही. नळीत भोकं असलेला छोटा पिस्टन असतो. तेल त्या भोकांतून जाताना अडतं, आणि त्या अडण्यातच धक्का जिरतो. तेल दाट असेल तर पिस्टन सावकाश सरकतो. फार दाट झालं तर लहान खड्ड्यांवर चाक वेळेत खाली येत नाही. फार पातळ झालं तर उडीनंतर चॅसीचं पोट जमिनीवर आदळतं. तेल भरल्यावर पिस्टन हळूहळू वरखाली करून सगळे बुडबुडे बाहेर काढायचे. आत हवा राहिली तर डॅम्पर सुरुवातीला मऊ लागतो आणि मग एकदम घट्ट. जोडीचे दोन डॅम्पर दोन हातांत धरून एकाच वेळी दाबून बघा. दोन्हींचा जोर सारखा लागला पाहिजे. नसेल, तर उघडा आणि पुन्हा भरा.

आपल्याकडच्या हवेत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. डिसेंबरातल्या सकाळी नेमकं बसलेलं तेल मे महिन्याच्या दुपारी पातळ पडतं. उन्हाळ्यात एक पायरी दाट तेल घालावं लागतं.

(दृश्य: सोनेरी अॅल्युमिनियमची चॅसी असलेली आरसी१०, हळूहळू फिरणारा कॅमेरा.)

हॉर्नेट आली त्याच वर्षी, १९८४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या असोसिएटेड कंपनीनं आरसी१० ही बग्गी काढली. ही मंडळी आधी सपाट ट्रॅकवरच्या शर्यतींच्या गाड्या बनवत होती. मातीत उतरताना त्यांनी शर्यत डोळ्यांसमोर ठेवली. सोनेरी मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची चॅसी, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, आणि लांब खेळणारे तेलाचे डॅम्पर. हॉर्नेटमध्ये आपण एकेक करून जे मागून बसवतोय, त्यातलं बरंचसं आरसी१०मध्ये पहिल्यापासूनच होतं. १९८५ साली कॅलिफोर्नियातच, डेल मार इथे, एक दशांश मापाच्या ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. दोन चाकांना ताकद असलेल्या गटात जे हॅल्सी आरसी१० घेऊन जिंकला.

दोन वर्षांनी स्पर्धा इंग्लंडमध्ये रॉम्सीला भरली. चारही चाकांना ताकद असलेल्या गटात सतरा वर्षांचा मासामी हिरोसाका विजेता ठरला. पुढे या माणसानं चौदा जागतिक विजेतेपदं मिळवली. रॉम्सीला त्याच्या हातात इंग्लंडमधल्या शूमाकर कंपनीची कॅट नावाची गाडी होती. सेसिल शूमाकर आधी कॉसवर्थ या रेसिंग इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत काम करणारे इंजिनिअर, आणि आरसी गाड्यांमधलं बॉल डिफरन्शियल ही त्यांचीच देणगी. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतं. शूमाकरांनी त्यात दात्यांऐवजी पोलादाच्या बारीक गोळ्या घातल्या. एक स्क्रू कमी-जास्त आवळून तो फरक किती मोकळा ठेवायचा, हे रेसरला ट्रॅकवरच ठरवता यायला लागलं. हॉर्नेटचं डिफरन्शियल साध्या गिअरचं आहे. त्यात दाट ग्रीस भरलं की ते थोडं जड होतं, आणि वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं गरगरत नाही.

(दृश्य: टायर. रिमच्या कडेला थेंबथेंब गोंद.)

टायरचं थोडक्यात सांगतो, कारण ते शेवटी ट्रॅकवरच ठरतं. मोकळ्या मातीत मोठे काटे रुततात आणि पकडतात. टणक, घासून गुळगुळीत झालेल्या मातीवर तेच काटे वाकतात आणि गाडी तरंगल्यासारखी घसरते. तिथे दाट, बारीक काट्यांचं मऊ रबर हवं. टायरच्या आत स्पंजची रिंग घालायची आणि कडा सुपरग्लूनं रिमला चिकटवायच्या. चिकटवलं नाही, तर वळणावर टायर रिमवरून सुटतं.

(दृश्य: जुना मेकॅनिकल स्पीड कंट्रोलर आणि नवा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, शेजारीशेजारी.)

आता वीज. जुन्या हॉर्नेटमध्ये वेग कमी करायला एक सर्व्हो (रेडिओच्या इशाऱ्यावर फिरणारी छोटी मोटर) धातूच्या पट्ट्यांवरून संपर्क सरकवायचा आणि जास्तीची वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जायची. हळू चालवलं तरी बॅटरी संपायचीच, वर रेझिस्टरला बोट लागलं की चटका. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरनं हे सगळं संपवलं. हाताला थ्रॉटल इतका बारीक मिळतो की निसरड्या मातीवर गाडी न भरकटवता सुटता येतं. नवी मोटर घेण्याआधी हा कंट्रोलर घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो.

मोटर ब्रशलेस घेतली तर कार्बन ब्रशची झीज संपते. तिच्यावर तारेचे किती वेढे आहेत ते लिहिलेलं असतं. वेढे कमी, तर वेग जास्त. हॉर्नेटच्या प्लास्टिकच्या गिअरबॉक्सला १७.५ वेढ्यांची मोटर भरपूर झाली. त्याहून कमी वेढ्यांची घेतलीत तर मोटर टिकेल, दाते टिकणार नाहीत. पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा गिअर, लहान ठेवलं की गाडी झटक्यात उचलते. मोठं केलं की सरळ पट्ट्यावर पळते, पण मोटर तापते. प्रत्येक फेरीनंतर तापमान बघूनच पुढचं पिनियन निवडायचं.

बॅटरी लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमरची. दोन सेल, ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४. एका सेलचा व्होल्टेज तीनच्या खाली जाऊ द्यायचा नाही. जुन्या कंट्रोलरला हे कळत नाही, त्यामुळे तो आणि लिपो एकत्र कधीच वापरू नका. चार्जिंग आगरोधक पिशवीत आणि माणूस समोर बसलेला असताना. ही गोष्ट मुलांना गाडी चालवायच्याही आधी शिकवायची.

(दृश्य: शर्यतीचा दिवस. उंच चौथऱ्यावर ओळीनं उभे ड्रायव्हर. खाली मातीचा ट्रॅक, वळणं, उड्या.)

पूर्वी इथे आल्यावर पहिला प्रश्न असायचा, "तुझा क्रिस्टल कुठला?" क्रिस्टल म्हणजे रेडिओची फ्रिक्वेन्सी ठरवणारा छोटा भाग. २७ मेगाहर्ट्झच्या रेडिओंवर दोघांचा क्रिस्टल एकच निघाला तर दोन्ही गाड्या एकत्र चालवता येत नसत. २.४ गिगाहर्ट्झचे ट्रान्समीटर आले आणि हा प्रश्नच उरला नाही. फेऱ्या मोजण्याचंही तसंच. एके काळी माणसं कागद-पेन्सिल घेऊन बसायची. आता गाडीत बसवलेला ट्रान्सपाँडर ट्रॅकखालच्या तारेवरून जाताना स्वतःची नोंद करतो.

पात्रता फेरी पाच मिनिटांची. या वेळात किती लॅप झाले आणि शेवटचा लॅप पूर्ण होईपर्यंत एकूण किती वेळ लागला, यावर क्रम लागतो. वेगवान गाडी एकदा उलटली की मार्शल धावत येऊन ती सरळ करेपर्यंतचे सेकंद गेले. सरळ पट्ट्यावर ते भरून निघत नाहीत.

(दृश्य: हॉर्नेट उडीवरून हवेत. नाक वर.)

हवेतही ड्रायव्हरचं बोट मोकळं नसतं. नाक फार वर गेलं की हलका ब्रेक मारायचा. फिरणारी चाकं एकदम थांबतात आणि नाक खाली येतं. नाक खाली झुकत असेल तर थ्रॉटल द्यायचा, ते वर उचललं जातं. हे हाताला सवयीनंच येतं. तसंच स्टिअरिंगचं. गाडी आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं दिसतं, आणि नवा ड्रायव्हर सगळ्यात जास्त वेळा तिथेच कुंपणावर जातो. गाडीकडे लांबून न बघता मनानं तिच्या सीटवर बसायचं, असं जुने लोक शिकवतात. माझ्या मते याहून चांगला धडा नाही.

अंतिम फेऱ्या तीन. त्यांतल्या चांगल्या दोन धरतात. आपली शर्यत संपली की ट्रान्समीटर ठेवायचा आणि पुढच्या शर्यतीला मार्शल म्हणून ट्रॅकवर उभं राहायचं. ही पाळी चुकवणाऱ्या ड्रायव्हरला चांगला म्हणायला मी तयार नाही, त्याचा लॅप कितीही जलद असो.

(दृश्य: पुन्हा टेबल. धुळीनं भरलेली हॉर्नेट, मागचा एक्सल जवळून.)

आता फक्त हा एक्सल उरला. मागे स्वतंत्र सस्पेन्शन बसवता येतं. लोकांनी बसवलंय, आणि गाडी जलद होते हेही खरं. मी तो बदल करणार नाही. तो केला की हातात आजची कुठलीही बग्गी उरेल, आणि आजची बग्गीच हवी असेल तर ती थेट विकत घ्यावी. तिची मोटर पुढे सरकलेली असते, वजन मोजूनमापून वाटलेलं असतं. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत हॉर्नेट मूळच्या एक्सलवरच पळावी. पुढच्या वेळी मागच्या डॅम्परमध्ये तेल एक पायरी पातळ, पिनियन एका दात्यानं लहान, आणि पुढचे टायर नवे.