येताना त्या ट्यूबा घेऊन या

स्किनचा डॉक्टर म्हणलं की लोकांना वाटतं पिंपल्सचा नाहीतर गोरं करायचा डॉक्टर, पण उन्हाळ्यात एकदा माझ्या परभणीच्या ओपीडीत बसून बघा, एकामागं एक माणूस जांघेतली खाज घेऊन येतो. गजकर्ण, कुणी नायटा म्हणतं. लाजेनं आधी सांगतच नाहीत, "जरा ॲलर्जी झालीय" म्हणतात, अन् खिशातून मेडिकलवरून आणलेली, चेपून चेपून सपाट झालेली ट्यूब निघते.

त्या ट्यूबमधे बुरशीच्या औषधाच्या जोडीला स्टिरॉइड असतं, क्लोबेटासोल नाहीतर बीटामेथासोन. लावलं की दोन दिवसात खाज बंद, माणूस खूष. पण बुरशी मेलेली नसते हो! शरीर तिच्याशी भांडत असतं म्हणून खाज असते, स्टिरॉइड ते भांडणच दाबून टाकतं, मग ती निवांत पसरते आणि ट्यूब सोडली की दुप्पट होऊन वर येते. 2018 साली सरकारनं ही मलमं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा नियम केला, तरी मिळतातच, याचं मला फार वाईट वाटतं. बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा रेघा मी वीस वर्षाच्या पोराच्या मांडीवर बघितल्यात, त्या आता पूर्ण जायच्या नाहीत.

ट्यूबनं चट्ट्याची गोल कडाच पुसली जाते, मग नुसत्या नजरेनं आम्हालाही फसायला होतं. तेव्हा ब्लेडनं कडेचा कोंडा हलकेच खरवडायचा, काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, थोडं थांबून मायक्रोस्कोपखाली बघायचं. फांद्या फुटलेल्या बारीक दोऱ्यासारखी बुरशी दिसते. गोळ्या कित्येक आठवडे घ्याव्या लागतात, आणि घरात ज्याला ज्याला खाज आहे त्या सगळ्यांनी एकदमच. टँकर आठ दिवसाला येतो तिथं रोज कपडे धुवा कसं सांगू, पण टॉवेल तरी वेगळा ठेवा, चड्डी-बनियन उलटी करून कडक उन्हात टाका, जीन्स सोडून सैल सुती घाला.

आता जो चट्टा खाजत नाही त्याचं सांगतो, तो कुणी दाखवतच नाही. एका मावशीची भाकरी टाकताना बोटं भाजली अन् त्यांना कळलंच नाही. हातावर फिकट चट्टा होता, कोड समजून पदराखाली लपवलेला, पोरीचं लग्न व्हायचं होतं ना. कोडात स्पर्श पूर्ण कळतो, आणि ते कुणाला लागत पण नाही. मी डोळे मिटायला लावले, कापसाची वात टेकवली, म्हणलं कुठं लागलं तिथं बोट ठेवा. चांगल्या कातडीवर लगेच ठेवायच्या, चट्ट्यावर वात टेकवली की बसून राहायच्या. कुष्ठरोग होता. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा नाहीतर बारा महिने, आणि नसा खराब व्हायच्या आत सुरू झालं तर हातपाय वाकडे होत नाहीत.

तेव्हा दाखवायला या, आणि येताना घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणा, अर्ध्या संपलेल्या पण. मी रागवत नाही, आधी काय काय लावलं ते मला कळायला पाहिजे.